घरच्या आतषबाजीत फटाके एकमेकांना जोडताना वात कशी निवडावी

एकेक फटाका वेगवेगळा पेटवायचा म्हटला की दर वेळी कोणीतरी अंधारात पुढे जातं, वाकतं, पेटवतं आणि घाईघाईने मागे येतं. शेजारी आधीच्या फटाक्याचं खोकं धुमसत असतं. धोका बहुतेक याच येण्याजाण्यात असतो. सगळे फटाके एका वातीने जोडून एकदाच पेटवले तर माणूस फक्त एकदा जवळ जातो, बाकीचा वेळ प्रेक्षकांसोबत लांब उभा राहतो. जोडणी करण्यामागचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे. कार्यक्रम सलग आणि देखणा होतो, हा त्याचा वरचा लाभ.

पण जोडलेली माळ एकदा पेटली की मध्येच थांबवता येत नाही. म्हणून कोणती वात घ्यायची, किती लांब कापायची आणि ती कुठून न्यायची हे दिवसाउजेडी, कागद-पेन घेऊन, शांतपणे ठरवावं लागतं. माझं सांगणं थोडक्यात असं: पहिल्या कार्यक्रमाला एकाच प्रकारची, संथ जळणारी वात वापरा, तिचा वेग स्वतः मोजा, आणि अंतरापेक्षा सेकंदांचा विचार करा. जलद वातींचा मोह सगळ्यांनाच होतो, पण त्याशिवाय उत्तम कार्यक्रम होतो.

सुरुवात करण्याआधी

तुमच्या भागात अशी जोडणी सामान्य माणसाला करता येते का, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी फटाके एकमेकांना जोडणं हे परवानाधारकांचं काम मानलं जातं, काही ठिकाणी विम्याच्या अटी आड येतात. स्थानिक अग्निशमन कार्यालयात याचं उत्तर मिळतं. फटाक्याच्या लेबलवर 'जोडू नये' असं लिहिलं असेल तर तो फटाका बाजूला ठेवायचा आणि वेगळा पेटवायचा. लेबलवरचं सुरक्षित अंतरही वहीत उतरवून घ्या. युरोपातल्या वर्गवारीत दुसऱ्या गटाच्या फटाक्यांना किमान ८ मीटर आणि तिसऱ्या गटाच्या फटाक्यांना किमान १५ मीटर अंतर धरतात. अनेक फटाके जोडले की सर्वांत मोठं अंतर सगळ्या मांडणीला लागू करायचं.

कोणते फटाके जोडायचे? नवख्याने भुईनळे आणि केक एवढेच घ्यावेत. केक म्हणजे एका खोक्यात अनेक नळ्या असलेला, एका वातीवर एकामागून एक शॉट सोडणारा फटाका. बाण जोडू नका, कारण मोकळं उडण्यासाठी बाणाला काही अडकलेलं चालत नाही. वातीला बांधलेला बाण तिरका जातो किंवा जागेवरच फुटतो. नळीत घालून उडवायचे गोळेही पहिल्या वर्षी नकोत. त्यांची नळी पडली किंवा फाटली तर काय होईल, याचा अंदाज अनुभवाशिवाय येत नाही.

वातींचे प्रकार आणि त्या अशा का जळतात

१८३१ साली कॉर्नवॉलमध्ये विल्यम बिकफर्डने खाणकामासाठी सुरक्षित वात काढली. बंदुकीच्या दारूची बारीक शीर सुताच्या वेढ्यांत धरून ठेवली की ती ठरावीक वेगाने जळते, ही त्यातली युक्ती. त्याआधी खाणीत दारू कधी लगेच पेटायची, कधी फार उशिरा, आणि माणसं हकनाक मरायची. वातीचं काम पहिल्यापासून वेळ देणं हेच आहे. आग पुढे नेणं हे त्याबरोबर होतं.

आज हौशी आतषबाजीत जी वात सर्वांत जास्त चालते तिला व्हिस्को म्हणतात. मध्ये बंदुकीची दारू, तिच्याभोवती दोऱ्याचे वेढे, आणि वरून नायट्रोसेल्युलोजच्या लाखेचा लेप. जाडी साधारण दोन ते तीन मिलिमीटर. बऱ्याचशा तयार फटाक्यांना कारखान्यातूनच अशी वात लावलेली असते. साधी संथ व्हिस्को सेकंदाला एक सेंटिमीटरच्या आसपास जळते, म्हणजे एक फूट जळायला सुमारे अर्धा मिनिट. लेपामुळे हलका दमटपणा तिला बाधत नाही. दारूला लागणारा ऑक्सिजन दारूतच असतो, त्यामुळे नीट पेटलेली व्हिस्को पाण्याखालीही जळत राहू शकते. पाय देऊन किंवा पाणी ओतून ती विझेल असं कधीही गृहीत धरू नका.

व्हिस्कोचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. ती जळताना बाजूने ठिणग्या टाकते. याच ठिणग्यांमुळे तिला दुसरी वात जोडता येते आणि याच ठिणग्यांमुळे मांडणी बिघडतेही. वातीचे दोन पदर एकमेकांजवळून गेले तर आग मधला वळसा सोडून थेट पलीकडच्या पदरावर उडी मारते.

याच्या पुढची पायरी म्हणजे जलद व्हिस्को. दिसायला तशीच, पण आतलं मिश्रण जास्त तापट, त्यामुळे वेग संथ वातीच्या कितीतरी पट. इथे नवख्यांची एक चूक नेहमी होते: रंगावरून वेग ओळखणं. हिरवी म्हणजे संथ, लाल किंवा गुलाबी म्हणजे जलद, असं पुष्कळजण सांगतात. पण रंगांचा सर्वांना बांधणारा काही नियम नाही. एका उत्पादकाची हिरवी आणि दुसऱ्याची हिरवी यांत मोठा फरक असू शकतो. रिळावर छापलेला वेग पाहा आणि तोही मोजून खात्री करून घ्या.

तिसरा प्रकार क्विक मॅच. दारू लावलेली सुताची दोरी उघड्यावर ठेवली तर सेकंदाला काही सेंटिमीटरच जळते. तीच दोरी कागदाच्या सैल नळीत घातली की तिचा वेग सेकंदाला काही मीटरवर जातो. दारूत काहीच बदललेलं नसतं. नळीत कोंडलेले तप्त वायू ज्वालेच्या पुढे धावतात आणि पुढची दारू आधीच पेटवत जातात, एवढंच. दारू लावलेली चिकटपट्टी मिळते, तीही झाकली की अशीच धावते. ही सामग्री व्यावसायिकांची आहे आणि अनेक ठिकाणी तिच्यावर निर्बंध आहेत. नवख्याने ती घेऊ नये. पण तिच्यामागचं कारण समजून घ्यावं, कारण साध्या व्हिस्कोलाही ते लागू पडतं. संथ वात घट्ट चिकटपट्टीत गुंडाळली किंवा स्ट्रॉमधून ओवली तर तिचा मोजलेला वेग खरा राहत नाही. कुठे ती धावते, कुठे गुदमरून विझते.

विजेवर पेटवण्याची साधनंही आहेत. वातीला चिमट्याने लावायची तापणारी तार आणि लांबून दाबायचं बटण, अशी सोपी यंत्रणा मिळते. तुमच्याकडे ती कायदेशीर असेल तर पेटवणारा माणूस सुरुवातीपासूनच लांब राहतो, म्हणून ती चांगलीच. तिच्यासोबत येणाऱ्या सूचना मात्र शब्दशः पाळाव्या लागतात, विशेषतः तारा जोडताना बॅटरी काढून ठेवण्याची.

घरी वात बनवू नका. फटाका फोडून दारू काढू नका. हाताने भरलेल्या वातीत दारू कुठे जास्त, कुठे कमी पडते, आणि ज्या वातीचा वेग सांगता येत नाही ती जोडणीला निरुपयोगी असते. दारू हाताळतानाचा धोका वेगळाच.

रिळाचा वेग स्वतः मोजा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात. माझ्या मते सगळ्या तयारीतली सर्वांत मोलाची वीस मिनिटं हीच आहेत.

मोकळ्या जागी, फटाक्यांपासून दूर, काँक्रीट किंवा फरशीवर बसा. बाजूला पाण्याची बादली, डोळ्यांवर चष्मा. नव्या रिळातून ३० सेंटिमीटरचे पाच तुकडे कापा: दोन सुरुवातीचे, बाकीचे थोडी वात सोडून पुढचे. कापायला धारदार कटर वापरा. बोथट कात्रीने टोक चेपतं आणि दारू सांडते. प्रत्येक तुकडा सरळ ठेवून एका टोकाला पेटवा. ज्वाला वातीत शिरल्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती सेकंद लागले ते लिहा.

समजा आकडे आले २७, २८, २८, २९ आणि ३१ सेकंद. सरासरी २८.६. तिला ३० ने भागलं की एका सेंटिमीटरला ०.९५ सेकंद मिळतात. हा आकडा रिळावर पेनने लिहून ठेवा. पण सरासरीइतकाच महत्त्वाचा आहे फरक. सर्वांत जलद तुकडा २७ आणि सर्वांत संथ ३१. म्हणजे तुम्ही एक मिनिटासाठी ६३ सेंटिमीटर वात कापली तर प्रत्यक्षात ५७ ते ६५ सेकंदांत काहीही होऊ शकतं. हा फरक मान्य करून मांडणी करायची. संगीताच्या ठेक्यावर शॉट सोडण्याचं स्वप्न संथ वातीने पुरं होत नाही, आणि पहिल्या वर्षी त्याची गरजही नाही.

पाच तुकड्यांपैकी एखादा मध्येच विझला तर ते रीळ जोडणीसाठी वापरू नका. जुनी, दमट जागी राहिलेली, लेप तडकलेली वात अशीच दगा देते. नवं रीळ आणलं की पुन्हा मोजायचं, उत्पादक तोच असला तरी.

आधी वेळापत्रक, मग लांबी

प्रत्येक फटाका किती सेकंद चालतो ते लेबलवरून किंवा त्याच फटाक्याच्या चित्रफितीवरून लिहून घ्या. एक छोटा कार्यक्रम घेऊ: एकाच वेळी पेटणारे दोन भुईनळे, प्रत्येकी ६० सेकंदांचे. मग ३० सेकंदांचा पहिला केक, ४० सेकंदांचा दुसरा आणि शेवटी २५ सेकंदांचा मोठा केक.

भुईनळे शून्याला सुरू. ते संपायच्या आत, म्हणजे ५० व्या सेकंदाला पहिला केक, म्हणजे मध्ये अंधार पडत नाही. पहिला ८० व्या सेकंदाला संपेल, मग पाच सेकंद श्वास घ्यायला, आणि ८५ ला दुसरा. दुसरा १२५ पर्यंत चालेल, पण शेवटचा १२० लाच सुरू व्हावा, म्हणजे दोन्ही काही क्षण एकत्र दिसतात.

आता मधली अंतरं पाहा: ५० सेकंद, ३५ सेकंद, पुन्हा ३५ सेकंद. मोजलेल्या वेगाने भागलं तर साधारण ५२, ३७ आणि ३७ सेंटिमीटर वात लागेल. फरक धरला तर ३७ सेंटिमीटरचा तुकडा ३३ ते ३८ सेकंद घेईल. म्हणजे पाच सेकंदांची शांतता तीन ते आठच्या दरम्यान कुठेही पडेल. चालेल. वेळेची चूक पुढे पुढे साचत जाते, पण प्रेक्षकांना जाणवतं ते फक्त दोन शेजारच्या फटाक्यांमधलं अंतर. त्यामुळे एकूण बेरजेची काळजी करू नका.

फटाक्याच्या स्वतःच्या वातीचा वेळ विसरू नका. अमेरिकेतल्या नियमानुसार ग्राहकांसाठीच्या फटाक्याची वात पेटल्यापासून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ९ सेकंदांनी फटाका सुरू व्हावा लागतो. सगळ्या फटाक्यांची वात सारखीच असेल तर हा वेळ सगळ्यांना सारखाच लागतो आणि हिशेबातून गळून पडतो. एकाची ३ आणि दुसऱ्याची ९ सेकंदांची असेल तर मात्र सहा सेकंदांचा घोळ होईल, म्हणून लांबी पाहून तेवढी वात कमी-जास्त करा.

मुख्य वात आणि फाटे

सर्वांत सोपी वाटणारी पद्धत म्हणजे एका फटाक्यापासून दुसऱ्यापर्यंत, तिथून तिसऱ्यापर्यंत अशी साखळी. ती करू नका. एक सांधा चुकला की पुढचं सगळं बंद, आणि मग न पेटलेल्या फटाक्यांच्या रांगेजवळ जाण्याचा मोह होतो.

त्याऐवजी एक मुख्य वात सरळ पुढे न्या आणि तिला ठरलेल्या अंतरांवर फाटे काढा. प्रत्येक फाटा एका फटाक्याकडे जातो. एखादा फाटा विझला तरी मुख्य वात पुढे जळत राहते, फक्त तो एक फटाका राहतो.

इथे नवख्यांना एक अडचण येते. संथ वातीच्या ३५ सेकंदांत फक्त ३७ सेंटिमीटर अंतर कापलं जातं, आणि फटाके तर त्याहून दूर ठेवायचे असतात. याच टप्प्यावर लोक जलद वात आणायला धावतात. गरज नाही. सगळे फाटे सारख्याच लांबीचे ठेवा, समजा ३० सेंटिमीटरचे. प्रत्येक फटाक्याला तितकाच जास्तीचा उशीर होतो, त्यामुळे त्यांच्यातलं वेळेचं अंतर जसंच्या तसं राहतं. जागेचं अंतर मात्र वाढतं. एक फाटा डावीकडे, पुढचा उजवीकडे असं केलं तर दोन शेजारचे केक सत्तर सेंटिमीटरच्या आसपास दूर जातात. फाटे आणखी लांब करा, जागा आणखी मिळेल. फक्त सगळे एकाच मापाचे हवेत. दोन भुईनळे एकाच जागेवरून निघालेल्या दोन समान फाट्यांवर लावा. एक-दोन सेकंद मागेपुढे होतील, भुईनळ्याला त्याने फरक पडत नाही.

उलट अडचणही येते: वेळ जास्त हवा, पण जागा कमी. मग वात नागमोडी घालावी लागते. वळणं मोठी ठेवा, दोन पदरांत हाताच्या पंज्याएवढं तरी अंतर राहू द्या, आणि पदर वाऱ्याने हलून जवळ येऊ नयेत म्हणून कागदी चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्यांनी ठिकठिकाणी फळीला धरा. गुंडाळी करून ठेवलेली वात एका क्षणात सगळी पेटते. तीक्ष्ण घडीही नको, तिथे लेप तडकतो आणि दारूची शीर तुटते.

जलद वात खरोखर कधी लागते? दोन केक अगदी एकाच क्षणी सुरू करायचे असतील, किंवा मोठ्या मैदानात अंतरं कित्येक मीटर असतील तेव्हा. त्या वेळीही पेटवणाऱ्याच्या हाताजवळचा पहिला तुकडा संथच असला पाहिजे. जलद वातीच्या टोकाशी पेटती काडी कधीही नेऊ नका.

सांधे

बहुतेक फसलेल्या मांडण्या सांध्यावर फसतात. लाखेचा लेप ओलावा अडवतो तसा आगही थोडी अडवतो. म्हणून फाट्याचं टोक तिरकं कापा, म्हणजे आतली दारू जास्त उघडी पडते. ते टोक मुख्य वातीला समांतर, तीन-चार सेंटिमीटर घट्ट चिकटवून ठेवा. कापलेलं टोक ज्या दिशेने आग येणार त्या दिशेला तोंड करून असावं. सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे किंवा कागदी चिकटपट्टी एवढं पुरे. प्लॅस्टिकची चिकटपट्टी वितळते आणि सांधा सोडते. वाती धरणारे छोटे चिमटेही मिळतात, ते चांगले असतात. लांबी मोजताना सांध्यात दुहेरी झालेला भाग दोनदा धरू नका.

असे तीन-चार सांधे बनवून वेगळे पेटवून पाहा. सगळे पेटले तरच ती पद्धत मुख्य मांडणीत वापरा.

फटाक्याची स्वतःची वात कापू नका, ओढू नका, खोलवर उकरू नका. फाटा तिच्या मोकळ्या टोकाजवळ बांधा, म्हणजे कारखान्याने दिलेले सेकंद शाबूत राहतात. अनेक केकना दुसरी, राखीव वात असते. तिला आवरण घालून झाकून ठेवा. शेजारच्या ठिणगीने ती पेटली तर केक उलट्या टोकाने सुरू होतो.

ठिणग्या, आधार आणि जागा

कागदावर एक गोष्ट सहज सुटते. पहिले भुईनळे जळत असतात तेव्हा पुढच्या केकची मुख्य वात अजून पेटलेलीच नसते. ठिणग्यांचा पाऊस तिच्यावर पडला तर शेवटचा केक आधी सुटेल. त्यामुळे ठिणग्या टाकणारे फटाके वारा जिकडे वाहतो त्या बाजूला ठेवा, आणि मुख्य वातीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची तंबूसारखी सैल छावणी घाला. बाजूंनी हवा खेळली पाहिजे, पत्रा वातीला लपेटायचा नाही.

जोडलेल्या मांडणीत कोणी जवळ जात नाही, म्हणून कोसळणारा केक सावरताही येत नाही. प्रत्येक केक जड फळीवर चारही बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून अडकवा, किंवा चहूबाजूंनी विटा लावा. वरचं तोंड आणि वात मोकळी राहील एवढं पाहा. मऊ मातीत नुसता ठेवलेला उंच केक काही शॉटनंतर कलतो, आणि कललेल्या केकचे उरलेले शॉट प्रेक्षकांकडे जाऊ शकतात. या एका कामात हयगय नको.

जोडणी कार्यक्रमाच्या दिवशी, कार्यक्रमाच्या जागीच करा. जोडलेले फटाके घरात ठेवू नका, गाडीतून नेऊ नका. सुटे असताना एका ठिणगीने एकच पेटेल, जोडलेले असताना सगळे. वात घरी कापून, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावून नेता येते. दव पडणार असेल तर पेटवण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटांपर्यंत मांडणीवर प्लॅस्टिक टाकून ठेवा.

पेटवणीची वात

मुख्य वातीच्या आधीचा हा पहिला तुकडा तुमच्या सुटकेसाठी आहे. दिवसा, मांडणीपासून सुरक्षित अंतरापर्यंत सावकाश चालत जा आणि वेळ मोजा. धावू नका, अंधारात धावणारा माणूस पडतो. २५ मीटर चालायला २० सेकंद लागले तर दुप्पट, म्हणजे ४० सेकंद धरा. आपल्या रिळाच्या हिशेबाने ४५ सेंटिमीटर वात कापली तर सर्वांत जलद जळली तरी ४० सेकंद मिळतात. फाट्याचा उशीर यात मिळवू नका, तो वरचा राखीव समजा.

फार लांब पेटवणीची वातही बरी नाही. मिनिटभर जळणाऱ्या वातीकडे लोक 'विझली वाटतं' म्हणून पुढे सरकू लागतात. अर्धा ते पाऊण मिनिट पुष्कळ.

पेटवताना आणि अडलं तर

पेटवणारा एकच माणूस, दारू न प्यायलेला, सुती कपड्यांत, डोळ्यांवर चष्मा. कृत्रिम धाग्याचे कपडे ठिणगीने वितळून कातडीला चिकटतात. लांब दांड्याचा लायटर किंवा पेटवणीची कांडी घ्या, आगकाडी नको. दुसरा माणूस प्रेक्षकांकडे पाहत उभा राहील. मुलं, कुत्री, वाटसरू कोणी हद्दीत नाही असं त्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय वात पेटवायची नाही. पाण्याची नळी किंवा भरलेल्या बादल्या हाताशी हव्यात. वारा अचानक प्रेक्षकांकडे फिरला तर पेटवण्याआधी थांबणं तुमच्या हातात असतं, नंतर नसतं.

पेटवताना अंग वातीच्या बाजूला ठेवा, कुठल्याही फटाक्याच्या तोंडावर वाकू नका. वातीने ठिणगी धरली की पाठ न फिरवता दोन पावलं मागे, मग वळून चालत जा.

मध्येच शांतता पसरली तर कोणीही पुढे जायचं नाही. वात आतल्या आत धुमसून मिनिटांनी पुन्हा पेटते, असं घडतं. किमान अर्धा तास वाट पाहा. मग लांबून पाणी मारा, सगळं चिंब होऊ द्या, आणि त्यानंतरच फळी उचला. न फुटलेला फटाका पुन्हा पेटवायचा नाही, दुरुस्तही करायचा नाही. बादलीत रात्रभर बुडवून ठेवा आणि पुढे काय करायचं ते अग्निशमन कार्यालयाला विचारा. रांगेतला राहिलेला एकच केक हाताने पेटवून टाकू, अशी सूचना प्रेक्षकांतून हमखास येते. तिला नकार द्या, कितीही आग्रह झाला तरी.

दुसऱ्या दिवशी उजेडात जागा पुन्हा चालून पाहा. वातीचे न जळलेले तुकडे वेचून पाण्यात टाका. उरलेलं रीळ हवाबंद डब्यात, कोरड्या आणि थंड जागी, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, आणि डब्यावर मोजलेला वेग व तारीख लिहा. कोणता केक किती सेकंद चालला, कोणता फाटा किती मागेपुढे झाला, हे आठवतंय तोवर वहीत उतरवा. पुढच्या वेळी कोणता तुकडा लांब करायचा आणि कोणता आखूड, ते त्याच पानावरून ठरवायचं आहे.